बाबांसाठी बजेट टॅबलेट हवाय, स्पेक्स बघू की ओएसचे (ऑपरेटिंग सिस्टिमचे) अपडेट? मदत हवी आहे

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण शक्य असेल तर पूर्ण वाचा, कारण अर्धी माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात.

टॅबलेट माझ्या बाबांसाठी हवाय, वय ७४. वापर म्हणाल तर रोज दोन-तीन तास वाचन, तेही बहुतेक जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ, संध्याकाळी नातीशी व्हिडिओ कॉल, थोडं यूट्यूब आणि महिन्यातून चार-पाच वेळा बँकेचं ॲप. गेम नाही, एडिटिंग नाही, सिमही नको, घरचं वायफाय पुरतं. बजेट कमी आहे. नवा आयपॅड त्यात बसत नाही, एक तर साधा नवा अँड्रॉइड टॅब नाहीतर चांगल्या स्थितीतला वापरलेला आयपॅड, एवढंच हातात आहे.

आत्ताचा टॅब २०१८ चा, १० इंची, २ जीबी रॅम, १६ जीबी स्टोरेज, अँड्रॉइड ८.१. कंपनीचं नाव घेत नाही. घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात एक सिक्युरिटी अपडेट आलं आणि त्यानंतर आजपर्यंत एकही नाही, सेटिंगमध्ये सिक्युरिटी पॅचच्या पुढे अजून २०१८ चीच तारीख दिसते. वाईट याचं वाटतं की वस्तू म्हणून तो ठणठणीत आहे, काचेवर ओरखडा नाही, बॅटरी अजून चार-साडेचार तास जाते, पण ॲप एकेक करून बंद पडतायत. आधी बँकेचं गेलं. क्रोमला १३९ व्या आवृत्तीपासून अँड्रॉइड १० लागतं, म्हणजे ब्राउझर आहे तिथेच अडकला. १६ जीबीतली निम्मी जागा सिस्टिमच खाते त्यामुळे दर आठवड्याला मी जाऊन काहीतरी डिलीट करून येतो.

परवा त्यांच्या शेजारी बसून नीट बघितलं. पान उलटलं की आधी नुसतं पांढरं, मग धूसर अक्षरं, मग दोन-तीन सेकंदांनी स्पष्ट. त्यांनी दोन बोटांनी मोठं केलं की परत धूसर. प्रत्येक वेळी ते बोट उचलून हात मांडीवर ठेवतात आणि थांबतात. मला म्हणाले, "माझंच बोट नीट लागत नाही बहुतेक." इतकी वर्षं त्यांना वाटतंय की चूक त्यांची आहे. ते ऐकल्यापासून मी या विषयाच्या मागे लागलोय.

कारण शोधलं ते असं. ए४ आकाराचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलं की साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात, म्हणजे रंगीत असेल तर मेमरीत उघडल्यावर एका पानाला जवळपास ३५ एमबी लागतात, फाइल कितीही लहान असो. वाचायचं ॲप मागचं-पुढचं पानही तयार ठेवायला बघतं. २ जीबी रॅममधली बरीचशी अँड्रॉइडनेच घेतलेली असते, मग सारखं जुनं फेकायचं, नवं आणायचं, आणि आतलं स्टोरेज हळू असलं की सगळंच रांगतं. म्हणजे रॅम ४ जीबी तरी पाहिजेच आणि ती खरी ४ पाहिजे. खरी म्हणायचं कारण, हल्ली खोक्यावर "८ जीबी" लिहितात आणि बारीक अक्षरात ४+४. त्यातली दुसरी ४ म्हणजे स्टोरेजचाच तुकडा रॅमसारखा वापरायचा, आणि बजेट टॅबमध्ये स्टोरेज बहुतेक ईएमएमसी या हळू प्रकारचं असतं, वेगवान यूएफएस नव्हे. ते रॅमच्या वेगाच्या जवळपासही जात नाही.

"ऑक्टाकोर" (चिपमध्ये काम करणारे आठ भाग, म्हणजे कोर) या शब्दाचंही तसंच. आठच्या आठ कोर कॉर्टेक्स ए५३ किंवा ए५५ असतील तर ते वीज वाचवणारे छोटे कोर आहेत, पान झटकन उघडायला निदान दोन मोठे कोर लागतात. हीलियो जी९९ या चिपमध्ये दोन मोठे ए७६ आणि सहा ए५५ आहेत, युनिसॉक टी६०६ मध्ये दोन मोठे ए७५ आणि सहा ए५५. म्हणून मी आता कोर किती ते बघतच नाही, कुठले आहेत ते बघतो.

हार्डवेअरचं इथवर मला समजलं. अडलोय ते ओएसपाशी.

आयपॅड एअर २ हा २०१४ चा, त्यातही २ जीबीच रॅम, आणि तो आयओएस ८ पासून आयपॅडओएस १५ पर्यंत आला. आमचा टॅब त्याच्यापेक्षा चार वर्षांनी नवा आणि जन्मला त्याच अँड्रॉइडवर राहिला. रॅम दोघांची सारखी, फरक चिपचा आणि मागे कोण उभं राहिलं त्याचा. क्रोमओएसमध्ये (क्रोमबुक लॅपटॉपच्या ओएसमध्ये) तर प्रत्येक मॉडेलचे अपडेट कधी थांबणार ती तारीख आधीच जाहीर असते, ते मला फार आवडलं. बजेट अँड्रॉइड टॅबच्या खोक्यावर अशी तारीख का नसावी? दुधाच्या पिशवीवर असते ना. युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबलेटला इकोडिझाइनचे नियम लागू झाले, त्यात विक्री थांबल्यानंतर किमान ५ वर्षं ओएसचे अपडेट मिळण्याचा मुद्दा आलाय, त्याचा फायदा बाकीच्यांनाही व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बाकी पर्याय मी असे बाद केलेत, चुकत असेन तर सांगा. ॲमेझॉनच्या फायर टॅबलेटचं फायर ओएस मुळात अँड्रॉइडवरच बांधलेलं आहे पण त्यात गूगल प्ले नाही, आणि बँकेचं ॲप इकडून तिकडून आणून टाकणं मला बाबांच्या बाबतीत नको. जुने स्वस्त विंडोज टॅब म्हणजे २ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेज, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी आणि ६४ जीबी लागतात, म्हणजे ते दार बंद. आहे त्याच टॅबवर लिनिएजओएस (अँड्रॉइडचीच स्वयंसेवकांनी बनवलेली आवृत्ती) टाकावं असंही मनात आलं, पण आमच्या मॉडेलला अधिकृत बिल्डच नाही, आणि बूटलोडर अनलॉक केला (म्हणजे दुसरी ओएस टाकण्यासाठीचं कुलूप काढलं) की बँकेची ॲप बऱ्याचदा चालायला नकार देतात.

राहिले दोन. एक म्हणजे गॅलेक्सी टॅब ए९ प्लसच्या वर्गातला नवा ११ इंची अँड्रॉइड, १९२० बाय १२०० चा स्क्रीन, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. दुसरा वापरलेला आयपॅड, नववी पिढी, २०२१ चा, १०.२ इंची. त्याला खाली होम बटण आहे ही बाबांसाठी मोठी गोष्ट, कारण काहीही झालं तरी बटण दाबलं की घरी परत.

स्क्रीनच्या आकाराबद्दल मी फूटपट्टी घेऊन बसलो होतो. १०.१ इंची १६:१० चा टॅब उभा धरला की रुंदी भरते १३६ मिमी, ए४ पान २१० चं, म्हणजे पान ६५ टक्क्यांवर येतं आणि १२ पॉइंटचं अक्षर ८ पॉइंटच्याही खाली जातं. ११ इंचीत ते साधारण ७० टक्के. आयपॅड १०.२ इंचीच असूनही ४:३ मुळे तोसुद्धा ७० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वाचनापुरते दोघे सारखेच.

तर माझे प्रश्न :

बजेट अँड्रॉइड टॅब तीन-चार वर्षं वापरलेल्यांनी सांगा, तुमच्या सेटिंगमध्ये आज सिक्युरिटी पॅचची तारीख कुठली दिसते? मला कंपनीच्या आश्वासनापेक्षा ती एक ओळ जास्त उपयोगाची आहे.

वापरलेला आयपॅड घेताना बॅटरी कशी तपासलीत? आधीच्या मालकाचा ॲपल आयडी निघालाय ना, ॲक्टिव्हेशन लॉक (त्याच आयडीने बसलेलं कुलूप) नाही ना, हे समोर बसून रीसेट करून बघायचं हे माहितीये, त्यापलीकडे काही?

आणि ज्यांच्या घरी वयस्कर माणसं अँड्रॉइडवरून आयपॅडवर गेली त्यांना सवय व्हायला किती दिवस लागले?

दोन दिवसांनी भर :

सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या आपुलकीने लिहिलंत. एकेकाला उत्तर देतो.

ज्यांनी विचारलं की अनोळखी कंपनीचा नवा टॅब निम्म्या बजेटमध्ये येतोय तर का नको, त्यांच्यासाठी : तसा एक मित्राकडे आहे, मागून घेऊन आलो. सेटिंगमध्ये अँड्रॉइड १४ लिहिलंय, हार्डवेअर दाखवणाऱ्या ॲपमध्ये एपीआय लेव्हल (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आतला क्रमांक) २९ येते, म्हणजे तो अँड्रॉइड १० आहे, वरची पाटी फक्त बदललेली. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये अबाउटमध्ये गेलं तर डिव्हाइस सर्टिफाइड नाही असं स्पष्ट लिहिलेलं. घेणाऱ्यांनी या दोन गोष्टी दुकानातच बघाव्यात, पाच मिनिटांचं काम आहे. कमी दर्जाच्या वाइडवाइनमुळे (व्हिडिओची कॉपी रोखणारी यंत्रणा), म्हणजे एल१ ऐवजी एल३ असेल तर, नेटफ्लिक्ससारखी ॲप एचडी दाखवत नाहीत, तेही त्या हार्डवेअर दाखवणाऱ्या ॲपमध्ये दिसतं.

ई-इंक (किंडलसारखा कागदासारखा दिसणारा स्क्रीन) सुचवणाऱ्यांना : वाचनाला उत्तमच, पण व्हिडिओ कॉल जाणार आणि तो बाबांचा दिवसातला सगळ्यात आवडता अर्धा तास आहे.

आणि ज्यांनी सांगितलं की नवा घेण्याआधी पीडीएफच हलक्या करून बघ, त्यांना खास धन्यवाद. काल रात्री बसून पाच पुस्तकं १५० डीपीआय ग्रेस्केलला आणली. दोन्ही बाजूंनी पिक्सेल अर्धे, म्हणजे एका पानाचं ३५ एमबीचं ओझं चौथाईवर, नऊच्याही आत. समासाची पांढरी जागा कापली. आणि टॅब आडवा करून दिला. हे मला आधी का सुचलं नाही माहीत नाही, पण आडव्यात स्क्रीनची रुंदी २१७ मिमी होते, ए४ पानापेक्षाही जास्त, म्हणजे अक्षर छापील पुस्तकाएवढं दिसतं, फक्त पान दोन-तीन टप्प्यांत सरकवायचं. मोठं करावंच लागत नाही.

आज सकाळी बाबांनी सलग चाळीस पानं वाचली. बोट उचलून थांबायची सवय अजून आहे, पण अक्षरं आता तोवर आलेली असतात.

त्यामुळे घाई संपली. हा टॅब आता फक्त वाचनाला, वायफाय बंद, बँकेचं ॲप तात्पुरतं माझ्या फोनवर. नवा घ्यायचाच आहे कारण कॉल आणि बँक यावर ठेवणं मला सुरक्षित वाटत नाही, आणि वरच्या उत्तरांवरून माझा कल आयपॅडकडे झुकलाय. आता एकच राहिलं : नवव्या पिढीच्या आयपॅडमध्ये काच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले नसतात, मध्ये थोडी फट असते, आणि बाबा खिडकीशी बसून वाचतात. तिथे दिवसा चकाकी किती येते, मॅट स्क्रीनगार्ड लावून अक्षर फिसकटतं का, कुणी रोज वापरत असेल तर जरूर लिहा. रविवारी एक बघायला जायचंय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.