मिरजेचा लूप जोडला की शॉर्ट, आणि रुकडीच्या पुलावर इंजिन चढेना

राजारामपुरी_सातवी_गल्ली

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पुण्याला कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून आलो आणि डोक्यात किडा शिरला. गेल्या दिवाळीपासून गच्चीवरच्या खोलीत कोल्हापूर–मिरज लाइन करतोय. एचओ स्केल, १:८७. आठ बाय चारचा एक प्लाय आणि त्याला काटकोनात आठ बाय दोनचा दुसरा. अरुंद प्लायवर कोल्हापूर स्टेशन. रूळ तिथंच संपतात, खऱ्यासारखे. मोठ्या प्लायवर मध्ये रुकडीचा पंचगंगेचा पूल आणि टोकाला मिरज. खऱ्या मिरजेतून गाड्या तिन्ही दिशांना जातात, माझ्या मिरजेपुढं भिंत आहे. म्हणून तिथं रूळ गोल फिरवून त्याच लाइनवर परत आणून जोडला, म्हणजे महालक्ष्मी आपोआप वळून कोल्हापूरकडं तोंड करेल.

शेवटचा तुकडा जोडला आणि कंट्रोलरचा लाल दिवा लागला. तुकडा काढला की सगळं ठीक, जोडला की शॉर्ट. तीन रात्री झाल्या. रुळाचे दोन तुकडे जोडणारा प्रत्येक जॉइनर काढून बघितला.

बाकीची रडगाणी: पूल उंच दिसावा म्हणून रूळ ६ सेमी उचललाय, तिथं सहा डबे घेऊन इंजिन जागेवर चाकं फिरवतं. मालगाडीच्या दोन वाघिणी कोल्हापूर स्टेशनबाहेरच्या सांध्याजवळ (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथं) हमखास घसरतात. आणि मिरजेच्या बाजूला गाडी मरगळते. मीटर लावला तर तिथंही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. इंजिन खराब असेल का? नवीन घ्यायचं म्हटलं तर घरात आधी मंजुरी घ्यावी लागेल.


विषय_हार्ड_०९

दादा, डीसीसीवर (डिजिटल कंट्रोलवर) जावा सरळ. प्लस-मायनस आपोआप उलटवणारं ऑटो रिव्हर्सर मॉड्यूल मिळतं, ते बसवा, शॉर्टचा विषय संपला. आणि जड इंजिन घ्या, पूल चढंल.


उद्यमनगर_वाइंडिंग

राजारामपुरीवाले, इंजिन घेऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यात इंजिनाचा दोष एकही नाही.

वरच्या भावानं डीसीसी सांगितलंय. पैसे असतील तर खुशाल घ्या, पण ते मॉड्यूल लावलं तरी रूळ कापायला लागणारच. तेव्हा आधी रूळ का कापायचा ते बघा.

कागद घ्या, लाल आणि निळी पेन्सिल घ्या. कोल्हापूरहून निघा. डावा रूळ लाल, उजवा निळा. पेन्सिल न उचलता लूपभर फिरून परत सांध्याशी या. लाल येऊन निळ्याला भिडला का? भिडणारच. तुमचं वायरिंग बरोबर आहे, जॉइनर बरोबर आहेत, कंट्रोलरही शहाणा आहे म्हणून दिवा लावून गप्प बसतो. प्लस आणि मायनस तुम्ही स्वतःच्या हातानं एकमेकांना जोडलेत. मीही हेच केलं होतं. चाळीस वर्षं विजेच्या मोटारींचं वाइंडिंग भरतोय, आणि चार दिवस मीटर घेऊन सैल वायर शोधत होतो. शेवटी नातीनं खडूनं फरशीवर रूळ काढला आणि म्हणाली, आजोबा, ही रेघ त्या रेघेला कशी काय लागली? दुकानात कुणाला सांगितलं नाही.

आता उपाय. लूपच्या दोन्ही टोकांना, दोन्ही रूळ तोडा. म्हणजे चार ठिकाणी धातूचे जॉइनर काढून प्लॅस्टिकचे घाला. मधला तुटलेला भाग तुमच्या सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब हवा. एलएचबी (नव्या पद्धतीचा प्रवासी) डबा या स्केलला साधारण २७ सेमी, इंजिन २४ धरा, सहा डब्यांची गाडी झाली १८६. ४३८ मिमी त्रिज्येचा गोल असेल तर पूर्ण घेर पावणेतीन मीटर होतो, सांध्याचा भाग सोडला तरी गाडी मावते. सात डबे लावायचा मोह आवरा. डब्यांची चाकं धातूची असली तर शेवटचं चाक मागच्या फटीवर आणि इंजिन पुढच्या फटीवर, असं झालं की परत लाल दिवा.

मग सहा टोकांचा टॉगल स्विच आणा, लक्ष्मीपुरीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडं मिळतो. डीपीडीटी म्हणा. मधल्या दोन टोकांवर मेन लाइन. एका बाजूच्या दोन टोकांवर कंट्रोलर. तिथूनच तिसऱ्या जोडीवर तिरक्या वायरी, उजवीकडची डावीकडं. झाला उलटा-सुलटा स्विच. पण लूपला मात्र सप्लाय या टॉगलच्या आधीच, थेट कंट्रोलरवरून द्यायचा. गाडी लूपमध्ये शिरली की ती लूपच्या विजेवर चालते, टॉगलचा तिच्याशी संबंध नाही. तेवढ्यात तुम्ही दोन कामं करायची: सांधा बदलायचा आणि टॉगल फिरवायचा. गाडी बाहेर पडते तेव्हा मेन लाइन तिच्या बाजूनं फिरलेली असते. गाडी लूपमध्ये कायम एकाच दिशेनं फिरेल. ती दिशा आवडली नाही तर लूपच्या दोन वायरी आपसात बदला. कंट्रोलरच्या दिशेच्या बटणाला हात लावायचा नाही, नाहीतर सगळं डोक्यात उलटंपालटं होतं.

दुसरं, पूल. ६ सेमी किती लांबीत चढवलाय ते लिहिलं नाही. आठ फुटी प्लायवर मधे पूल, म्हणजे फार तर एक मीटर. म्हणजे १७ ला १ चढ. खंडाळ्याच्या घाटात ३७ ला १ आहे आणि तिथंसुद्धा मागून बँकर इंजिनं लावतात! १०० ला २ च्या वर जाऊ नका, म्हणजे ६ सेमीला तीन मीटर पाहिजे, तेवढा प्लायच नाही. आणि मला सांगा, रुकडीला गाडी पुलावर चढते का? रूळ सपाटच जातो, नदी खाली असते. तुम्ही नदी प्लायवर ठेवली म्हणून रूळ उचलायला लागला. जिगसॉनं पुलाखालचा प्लाय कापा (आधी खालच्या पट्ट्या कुठं आहेत बघा), १० सेमी खाली एक फळी ठोका, पंचगंगा तिथं वाहू दे. काठाला दगडी उतार करायला जागाही मिळते.

तिसरं, वाघिणी. एकच वाघीण सगळीकडं घसरली तर वाघिणीचा दोष. सगळ्याच एका जागी घसरल्या तर रुळाचा. तुमच्या दोनच, आणि एकाच जागी, म्हणजे दोन्हीकडं थोडं थोडं. व्हर्नियर घ्या. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.५ मिमीच्या आसपास पाहिजे. १४ भरलं तर चाक सांध्यात आपटतं, उचलतं, पडतं. चाकं हातानं पिळून थोडी बाहेर घेता येतात. दुसरं म्हणजे वजन. १५ सेमीच्या वाघिणीला साधारण ११० ग्रॅम हवेत, तुमची ५०-६० असेल. टायरवाले व्हील बॅलन्सिंगला चिकटवतात त्या पट्ट्या माहीत आहेत ना, पाच-पाच, दहा-दहा ग्रॅमच्या? जुन्या काढलेल्या फुकट देतात. आत चिकटवा, खालच्या अंगाला, छताला नव्हे. आणि मला संशय आहे की दोन प्लायचा जोड त्या सांध्याजवळच येतो. तिथं बोट फिरवा. डोळे मिटून फिरवा. जे नखाला लागतं ते चाकाला लागतं.

चौथं, मीटर. मीटर खोटं बोलत नाही, पण तो वीज ओढत नाही. एखाद्या जॉइनरमध्ये केसाएवढा स्पर्श असला तरी १२ दाखवतो. मोटरसायकलचा पार्किंगचा बारका बल्ब आणा, १२ व्होल्ट ५ वॅट. कंट्रोलर फुल्ल ठेवून आधी त्याच्याजवळ रुळावर टेकवा, मग मिरजेकडं सरकत जा. जिथं मंदावला त्याच्या आधीचा जॉइनर धरा. कायमचा इलाज म्हणजे प्लायखालून घरगुती दीड चौरस मिमीची लाल-काळी वायर पूर्ण फिरवायची आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यावरून बारीक वायर वर आणून डाख द्यायचा. रुळाच्या बाहेरच्या अंगाला, नाहीतर चाक डाखावर चढेल. जॉइनर गाडीला वाट दाखवायला असतात, वीज न्यायचं काम त्यांच्यावर टाकू नका.


विषय_हार्ड_०९

काका, नाद खुळा. पेन्सिलचं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.


राजारामपुरी_सातवी_गल्ली

वाइंडिंगकाका, साष्टांग नमस्कार.

लाल-निळी पेन्सिल मुलाच्या कंपासमधून घेतली. दोन मिनिटांत भिडली. त्या तीन रात्रींबद्दल आता बोलत नाही.

चार प्लॅस्टिक जॉइनर घातले, टॉगल बसवला, पहिल्यांदा गाडी उलटी पळाली, तुम्ही म्हणालात तसं वायरी बदलल्या. चालली! सांधा बदलायला दोनदा विसरलो, एकदा इंजिन खाली. त्यावर टॉगल आणि सांध्याची कळ शेजारी शेजारी आणली, आता हात एकत्रच जातात.

बल्ब मिरजेत उदबत्तीएवढा लागत होता. एके ठिकाणी रूळ जॉइनरच्या आत न जाता वर बसला होता. वरून बघितलं तर काही कळत नव्हतं, मोबाइलचा कॅमेरा रुळाच्या पातळीला ठेवल्यावर दिसलं. बाकी वायर खालून फिरवतोय, पाठ गेली कामातून.

प्लायच्या जोडाबद्दल तुमचा संशय खरा. दीड मिमीचा उंबरा आहे. दिवाळीत नव्हता, पाणसळ लावून बघितलं होतं. वाघिणींपैकी एकीची चाकं १४.१ निघाली, दुसरीची बरोबर होती पण ती अगदी हलकी.

एक नवीन भानगड मात्र झालीय. महालक्ष्मी मिरजेहून वळून ऐटीत कोल्हापुरात आली आणि रुळाच्या टोकाच्या बंपरला नाक लावून उभी राहिली. मागं सहा डबे. आता निघणार कशी? ढकलत मागं नेली तर तिसरा डबा वळणावर आडवा झाला. हा विचार कागदावर करायलाच विसरलो.

आणि पावसाळ्याआधी खडी टाकून घेऊ का?


गंगावेस_हिरवळ

खडीबद्दल मी सांगते, बाकीचं काका सांगतील.

यंदा टाकू नका. दीड मिमीचा उंबरा एका उन्हाळ्यात आलाय, तर जून ते सप्टेंबर काय होईल? प्लायच्या कडा आणि खालची बाजू ऑइलपेंटनं दोन हात मारून घ्या. लोक वरूनच रंगवतात आणि प्लाय खालून पाणी पितो. एक पावसाळा उघड्या रुळावर गाड्या पळवा, काय हलतंय ते बघा. माझा पहिला लेआउट २०१९ च्या पुरात तळमजल्यावरच गेला. दुसरा वरच्या मजल्यावर केला, तिथं पाणी आलं नाही, पण दमटपणा आलाच.

टाकाल तेव्हा क्रशरची कच आणा, आधी पीठचाळणीतून आणि मग चहाच्या गाळणीतून चाळा. गाळणीत राहिलेली घ्या, खाली पडलेली धूळ टाकून द्या. आणि त्यात लोहचुंबक फिरवायला विसरू नका. आपला दगड काळा बेसाल्ट, त्यात लोहाचे कण असतात. चुंबकाला काळी मिशी फुटते बघा. ते कण राहिले तर इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. फेविकॉल एक भाग, पाणी तीन भाग, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, ड्रॉपरनं सोडा. लिक्विडशिवाय पाण्याचे मणी होऊन खडीवरून घरंगळतात. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ जाऊ नका, तिथं नुसता करडा रंग द्या. मी एक सांधा फेविकॉलनं कायमचा मिरजेकडं लावून ठेवला होता.

उसाची शेतं करणार असाल तर वेगळा धागा काढा, त्यावर मी खूप लिहू शकते.


उद्यमनगर_वाइंडिंग

बाईंचं चुंबकाचं अगदी खरं. भरायला आलेल्या मोटारीतसुद्धा तसला गाळ निघतो.

उंबऱ्याला कानस लावून रूळ घासू नका. दोन्ही प्लाय खालून दोन बोल्ट आणि मोठ्या वायसरनं आवळा, जोडावर रूळ सोडवा, बसलेल्या प्लायखाली पत्त्याचा कॅट फाडून पानं घाला आणि पातळीला आणा. पावसाळ्यात एक पान काढायचं, उन्हाळ्यात घालायचं.

महालक्ष्मीचं म्हणाल तर खऱ्या कोल्हापुरातसुद्धा हीच पंचाईत आहे, तिथंही आलेलं इंजिन डब्यांच्या आणि बंपरच्या मध्ये अडकतं. म्हणून शेजारी मोकळी लाइन ठेवून इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला नेतात. तुमच्या दोन फुटी प्लायवर त्याला दोन सांधे आणि बंपरजवळ निदान ३० सेमी सरळ रूळ लागेल, म्हणजे प्लॅटफॉर्म तेवढा आखूड. ते नको असेल तर दुसरी युक्ती. बंपरजवळच्या ३० सेमीत एकच रूळ तोडा, प्लॅस्टिक जॉइनर घाला आणि त्या तुकड्याला साधा चालू-बंद स्विच द्या. गाडी आली, इंजिन त्या तुकड्यात थांबलं, स्विच बंद. मागच्या टोकाला दुसरं इंजिन लावा आणि गाडी न्या. जुनं तिथंच मेल्यासारखं उभं राहतं. गाडी गेली की स्विच चालू करून त्याला बाहेर काढा, पुढच्या गाडीला लावा.

एवढ्यासाठी दुसरं इंजिन लागेल हे खरं. मंजुरीचं तुम्ही बघा. रविवारी दुपारी मी व्हर्नियर घेऊन येतो, पत्ता खासगी निरोपात टाका.


राजारामपुरी_सातवी_गल्ली

या काका. मंजुरी मिळाली, पण अट आहे: नवीन इंजिन आलं की गच्चीवरच्या खोलीतला पसारा निम्मा खाली, नाहीतर पापडाच्या चाळण्या पुन्हा तिथंच वाळत पडणार, मिरजेवर.