थंडीत सकाळी उठवणं, सततची सर्दी आणि डायरीतले शेरे... तुम्ही कसं जमवता?

दुसरीची_आई
नमस्कार मंडळी, जरा मन मोकळं करायचंय आणि सल्लाही हवाय. मुलगा दुसरीत आहे. थंडी पडल्यापासून रोज सकाळी आमच्याकडे महाभारत. बाहेर मिट्ट काळोख, हा पांघरुणातून नाकसुद्धा बाहेर काढायला तयार नाही, मी ओरडते, तो रडतो, शेवटी मीच त्याला अर्धवट झोपेत कपडे चढवते, बूट घालते, जॅकेटची चेन लावते आणि गेटवर नेऊन सोडते. डिसेंबरात दोनदा सर्दी-खोकला झाला, त्यात सहा दिवस शाळा बुडली. आणि गेल्या आठवड्यात डायरीत तीन शेरे: उशिरा आला, स्वेटर हरवला, वर्गात पेंगतो. तिसरा वाचून खरंच वाईट वाटलं, जसं काही आम्ही मुलाकडे बघतच नाही. नवरा म्हणतो शाळेत जाऊन एकदा बोलूनच येऊ (म्हणजे भांडून), सासूबाई म्हणतात एवढ्या थंडीत पाठवताच कशाला. मला फक्त एवढंच कळत नाहीये की शाळेला आमच्याकडून नक्की हवंय काय? आणि नाक वाहतंय तेव्हा घरी ठेवायचं की पाठवायचं, हे तुम्ही कसं ठरवता?

झोपमोड_बाबा
ताई, तुमचं वाचताना आमच्याच घरात कॅमेरा लावलाय की काय असं वाटलं. आमचंही दोन वर्षं असंच चाललं होतं, मग एकदा हिशोब केला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप लागते. आमची मुलगी रात्री साडेदहाला झोपायची आणि सहाला उठवायचो, म्हणजे साडेसात तास, आणि वर आम्हीच तिला आळशी म्हणायचो! पण एकदम नऊला झोप म्हटलं तर झोपत नाहीत, नुसती छताकडे बघत पडतात आणि दर पाच मिनिटांनी पाणी मागतात. आम्ही दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणलं, तीन आठवडे लागले. टीव्ही-मोबाइल झोपायच्या तासभर आधी बंद, आमचेसुद्धा, तो खरा अवघड भाग होता. सकाळी आधी खोलीतला दिवा लावायचा, हाक दहा मिनिटांनी. उजेड पडला की शरीराला सकाळ झाल्याचं कळतं, काळोखात कितीही हाका मारा, शरीराच्या लेखी रात्रच असते.

अजून एक, सर्वात लहान दिवस २१-२२ डिसेंबरला असतो म्हणून पुढे सकाळ लवकर उजाडेल असं मला वाटायचं. तसं नसतं हो. दिवस वाढतो तो आधी संध्याकाळच्या बाजूने, सूर्योदय जानेवारीतही काही दिवस उशिराच सरकत राहतो. म्हणजे जानेवारीत मूल जास्त त्रास देतंय असं वाटत असेल तर त्यात त्याची चूक नाही.

दोन_दप्तरं
घरी ठेवायचं की पाठवायचं याबद्दल आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं लिहिते, तुमच्या शाळेचा नियम वेगळा असेल तर तो बघा. ताप ३८ डिग्री म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त असेल तर घरी, आणि औषध न देता २४ तास ताप आला नाही की मगच शाळा. सकाळी तापाचं औषध देऊन पाठवायचं नाही, ते दुपारी उतरतं आणि मग ऑफिसात शाळेचा फोन येतो (केलंय मी, प्रामाणिकपणे सांगते). उलटी-जुलाब असतील तर थांबल्यावर निदान पूर्ण एक दिवस घरी. नुसतं नाक वाहतंय, खातंय, खेळतंय तर शाळेत. धाप लागतेय, छाती आत ओढली जातेय असं दिसलं तर शाळेचा विचार सोडा, थेट डॉक्टर.

आणि डिसेंबरात दोन सर्द्या म्हणून घाबरू नका. या वयात वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं नॉर्मल आहे, खोकला तर दोन-तीन आठवडे रेंगाळतो. सर्दी गारठ्याने होत नाही, व्हायरसने होते. थंडीत सगळे दारं-खिडक्या लावून एकत्र बसतात आणि एकमेकांना वाटतात. म्हणूनच अँटिबायोटिक मागू नका, व्हायरसवर ते चालत नाही. हात २० सेकंद साबणाने धुणं कंटाळवाणं आहे पण तेच कामाला येतं. उलट्यांची साथ असेल तेव्हा सॅनिटायझरच्या भरवशावर राहू नका, त्या व्हायरसवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, साबण-पाणीच.

उशिरालतीफ
सगळं खरं, पण मला सांगा लहान मुलांची शाळा काळोखात भरवायचीच कशाला? पालकांनी झोप बदलायची, जेवण बदलायचं, टीव्ही बंद करायचा, आणि शाळा अर्धा तास पुढे सरकणार नाही. पार्टनरशिप म्हणे!

खडूफळा
प्राथमिकला शिकवते, बरीच वर्षं. उशिरालतीफ, तुमच्याशी मी सहमत आहे, पण वेळ बदलायची म्हणजे बस, दुसरी शिफ्ट, नोकरीवाले आईवडील, सगळंच हलतं, वर्गावरच्या बाईच्या हातात ते नसतं. पालकसभेत दहा पालकांनी मिळून लेखी द्या, एकट्याने गेटवर तावातावाने बोललेलं तिथेच विरतं.

आता दुसरीची_आई, तुमच्यासाठी. 'वर्गात पेंगतो' हा शेरा लिहिताना ती बाई बहुतेक चिंतेतच असेल. आम्ही मधल्या सुट्टीत तीस वह्या तपासत दोन शब्दांत लिहितो, आणि दोन शब्दांत काळजीसुद्धा तक्रारीसारखी दिसते. ही चूक आमचीच.

शाळेला काय हवं विचारलंत ना, तर अभ्यास घेऊ नका पण चेन शिकवा. खरंच. तीस मुलं, प्रत्येकाचं जॅकेट, कानटोपी, हातमोजे, खेळायला जाताना घालायचे, आल्यावर काढायचे, निम्म्यांना चेन लावता येत नाही, माझी दहा मिनिटं तिथेच जातात आणि ती कापली जातात खेळाच्याच तासातून. तुम्ही सकाळी घाईत लावून देता ते कळतं मला, पण मग रविवारी निवांत बसून दहा वेळा लावू दे. दुसरं, थंडीत मुलं पाणी पीत नाहीत. तहान कमी लागते हे एक, आणि दुसरं कारण कोणी सांगत नाही: एवढे थर काढून बाथरूमला जायचं जीवावर येतं, नाडी सुटत नाही, म्हणून मुद्दाम पीत नाहीत. मग पोट साफ होत नाही, दुपारी पोट दुखतं, आणि आम्हाला वाटतं बहाणे करतोय. इलॅस्टिकची पँट द्या आणि बाटली भरलेलीच परत येते का ते बघा. स्वेटरवर आतल्या बाजूला नाव घाला, आमच्याकडे एकसारख्या निळ्या स्वेटरांचा ढीग पडलेला असतो आणि प्रत्येक मूल म्हणतं हा माझा नाही!

बुडालेल्या दिवसांचं मात्र मनावर घ्या. महिन्याला दोन दिवस किरकोळ वाटतात पण वर्षाचे दहा टक्के होतात, आणि वाचायला नुकतं शिकणाऱ्या मुलाला ते जाणवतं. म्हणून आजारपणात घरी ठेवाच, पण 'आज फार गारठा आहे, राहू दे' ही दांडी नको. सासूबाईंना माझा नमस्कार सांगून सांगा. आजारपणात बुडालेला अभ्यास रात्री जागून उतरवून घेऊ नका, गोष्ट वाचून दाखवलीत तरी पुष्कळ.

दुसरीची_आई
बाई, बाटलीचं वाचून आत्ता जाऊन दप्तर उघडलं. काठोकाठ भरलेली. आणि दर दोन दिवसांनी पोट दुखतं म्हणतो तेव्हा मी त्याला नाटकं नको करूस म्हटलंय, आता काय बोलू. झोपही मोजली, आठ तास पाच मिनिटं, त्यातही पाच मिनिटं मी ओढूनताणून घातलीत.

मॅडमना चिठ्ठी लिहायची आहे पण नुसतं सॉरी लिहायचं नाही आणि भांडायचंही नाही. कशी लिहू?

खडूफळा
छोटी लिहा. घरी काय बदलताय ते एक वाक्य आणि आमच्याकडून काय हवं ते एक वाक्य. उदाहरणार्थ, 'झोपायची वेळ हळूहळू अलीकडे आणतोय, दोन-तीन आठवडे लागतील. तो पाणी पीत नाहीये असं लक्षात आलंय, मधल्या सुट्टीत एकदा आठवण कराल का?' एवढंच. मला अशी चिठ्ठी आली तर मी त्या मुलाकडे दिवसातून चार वेळा बघते.

झोपमोड_बाबा
आणि नवऱ्याला भांडायला नको, चेन शिकवायला बसवा.

दुसरीची_आई
बसलाय. दोघं जमिनीवर बसलेत, मुलगा त्याला सांगतोय बाबा आधी खालची पिन नीट घाला. चिठ्ठी उद्या देते, काय होतं ते इथेच लिहीन.