काल्पनिक गावातील गल्ल्यांना गमतीदार नावे कशी द्यावीत?

गोदाकाठी:
एका बालनाटिकेसाठी मी पैठण आणि गेवराई यांच्या मधले, नकाशावर नसलेले एक गाव रचत आहे. ‘हास्य गल्ली’, ‘गोंधळ आळी’, ‘स्वप्न मार्ग’ अशी वीसेक नावे लिहून काढली. परंतु वाचताना एखाद्या नव्या गृहसंकुलाची पाटी वाचत असल्यासारखे वाटते. नेमके काय चुकते आहे?

मोंढ्यातला:
आधी ‘आळी’ काढून टाका. तो पुण्याकडचा आणि कोकणातला शब्द आहे. आपल्याकडे गल्ली, बोळ, पुरा, गंज, देवडी, वेस आणि अर्थातच मोंढा. खरी अडचण मात्र वेगळी आहे. गंमत म्हणून गावात कोणी नाव ठेवत नाही. पत्ता सांगणाऱ्याला जे चटकन आठवते, तेच त्या जागेला चिकटते. छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडी ही फुलांची मंडी आणि रंगार गल्ली ही रंगाऱ्यांची, म्हणजे दोन्ही नावे अगदी व्यवहाराची. लोटा कारंजा, मछली खडक किंवा सुपारी हनुमान ऐकून बाहेरगावचा पाहुणा हसतो, तिथे राहणाऱ्याला मात्र त्यात हसण्यासारखे काहीच वाटत नाही, आणि माझ्या मते तुमच्या पात्रांनाही ते वाटता कामा नये. म्हणून आधी कारण रचा. समजा, एक शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ एवढेच सांगत असे. त्याचे दुकान गेले, पण ‘उद्याया बोळ’ राहिला.

बारवकाठ:
वरील मताशी सहमत आहे, फक्त प्रत्येक नावामागची कथा नाटिकेत सांगत बसू नका. शिवाय सगळीच नावे विचित्र ठेवली, तर एकही विचित्र वाटणार नाही. लातूरची गंजगोलाई पाहा: १९१७ साली उभारलेल्या त्या गोलाकार बाजारपेठेला १६ रस्ते येऊन मिळतात, आणि त्यांवर सोने, पादत्राणे, मिरची, गूळ असे वेगवेगळे बाजार भरत आले आहेत. तुमच्या गावाला तशीच गोलाई द्या, पंधरा रस्त्यांना मालावरून साधी नावे ठेवा आणि सोळाव्याला मोकळे सोडा.

गोदाकाठी:
मनःपूर्वक आभार. उद्याया बोळ घेतोच आहे. सोळाव्या रस्त्याचे नाव ‘उरली गल्ली’ ठरवले, कारण मोजणीच्या दिवशी तलाठी पंधरापर्यंत मोजून जेवायला गेला.