‘सांत्वन’, ‘समाचार’ आणि ‘भेटायला जाणे’: समुद्रात गेलेल्या नौसैनिकाच्या घरी कोणता शब्द न्यावा?

विचारणा: 4 डिसेंबरच्या नौदल दिनासाठी आमच्या शाळेत ‘खुकरी’ या युद्धनौकेवर भित्तिपत्रक तयार होत आहे. त्यात ‘खुकरीला जलसमाधी मिळाली’ आणि ‘वीरपत्नींना सांत्वना देण्यात आली’ अशी दोन वाक्ये आहेत. ती योग्य आहेत का? शिवाय आपल्याकडे मराठवाड्यात दुःखाच्या घरी जाताना ‘सांत्वन’ हा शब्द कोणी का उच्चारत नाही, हेही कृपया सांगावे.

उत्तर: व्याकरणाचा भाग थोडक्यात सांगतो. मराठीत ‘सांत्वन’ हा नपुंसकलिंगी शब्द आहे आणि ते ‘केले’ जाते. ‘सांत्वना देणे’ ही हिंदीची रचना असून वृत्तवाहिन्यांमुळे ती आपल्याकडे रुळू लागली आहे. ती टाळावी.

अर्थाचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. अमरकोशात ‘साम’ आणि ‘सान्त्व’ हे शब्द समानार्थी दिले आहेत. साम, दाम, दंड, भेद यांतला पहिला उपाय तो हाच, म्हणजे गोड बोलून समोरच्याला शांत करणे. त्यामुळे ‘सांत्वन’ या शब्दात एक बोलणारा असतो आणि एक ऐकणारा, आणि बोलणाऱ्याजवळ दुःख शमवण्याचे काही साधन आहे असे त्यात गृहीत धरलेले असते. मराठवाड्यातल्या बोलण्यात हा शब्द का आला नाही, याचे उत्तर मला इथेच दिसते. आपण अंत्यविधीला जातो तेव्हा ‘मातीला गेलो होतो’ म्हणतो, तिसऱ्या दिवशी ‘राख सावडायला’ जातो आणि नंतरच्या दिवसांत ‘भेटायला’ किंवा ‘समाचाराला’ जातो. यांपैकी एकाही शब्दात आपण कोणाचे दुःख कमी करतो असा दावा नाही. भेटायला आलेली बाई उंबऱ्याशीच गळ्यात पडून रडते, मग सतरंजीवर बसते, बराच वेळ काही बोलत नाही आणि शेवटी एवढेच विचारते, ‘कसं झालं वो?’ त्या प्रश्नानंतर घरातली माणसे बोलतात आणि आलेली माणसे ऐकतात, म्हणजे ‘सांत्वना’तली बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची जागा इथे उलटी झालेली असते.

आता हे शब्द ‘खुकरी’च्या घरांपर्यंत नेऊन पाहावेत. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने खुकरीचा वेध घेतला आणि काही मिनिटांतच नौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. अशा घरात ‘माती’ नाही, ‘राख’ नाही आणि म्हणून ‘सावडणे’ही नाही. आपली शोकाची सगळी शब्दसंपत्ती देह हाती आहे असे धरून घडलेली आहे, आणि समुद्राने नेमका तोच आधार काढून घेतलेला असतो. देह न सापडल्यास पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी देण्याचा ‘पालाशविधी’ परंपरेत सांगितला आहे. शब्दाला टेकायला काहीतरी हवे, ही गरज जुन्या लोकांनीही ओळखली होती.

‘बेपत्ता’ या शब्दाचे दुःख याहून वेगळे आहे. ज्या माणसाची सात वर्षे काहीच खबर लागली नाही, तो हयात आहे हे सांगणाऱ्यावरच ते सिद्ध करण्याची जबाबदारी येते, असे 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 108 सांगत असे. कायद्याला मुदत ठरवता येते, पण बाईच्या मनाला ती ठरवता येत नाही. घरातून निघताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. दुःखाच्या घरून उठताना मात्र कटाक्षाने ‘येतो’ म्हणायचे नाही, असा संकेत आपण पाळतो. ज्या बाईचा नवरा ‘येतो’ म्हणूनच बोटीवर गेला आणि ज्याचा देहही परतला नाही, तिच्यापुढे ‘आता विसरायला हवं’ किंवा ‘देवाची मर्जी’ अशी वाक्ये मांडणे मला क्रूरपणाचे वाटते, मग बोलणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

‘जलसमाधी’बद्दल मात्र मी ठाम आहे. एकनाथ महाराजांनी पैठणला गोदावरीत जलसमाधी घेतली, आणि नाथषष्ठीला लाखो वारकरी त्या तिथीसाठी पैठणला जमतात. समाधी ‘घेतात’, ती स्वेच्छेने आणि पूर्ण जाणिवेने घेतलेली असते. वर्तमानपत्रांनी ‘जलसमाधी मिळाली’ असा प्रयोग करून बुडण्यालाच ते नाव दिले आहे. मुल्ला यांनी नौका सोडली नाही आणि बचावलेल्यांनी त्यांना शेवटचे ब्रिजवर, म्हणजे नौकेचे संचालन होते त्या जागी, पाहिले, हे खरे. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. तेव्हा त्यांच्याबाबत निवडीची भाषा निदान समजण्यासारखी आहे. पण खालच्या कप्प्यांत अडकलेल्या खलाशांना निवड मिळालीच नव्हती. त्यांच्या पत्नींपुढे ‘जलसमाधी’ हा शब्द वापरणे म्हणजे त्या मरणातली तडफड एका पवित्र शब्दाखाली झाकून टाकणे आहे. ‘नौका बुडाली’ हे साधे क्रियापदच इथे योग्य आहे.

मग न्यावा असा शब्द कोणता? माझ्या मते ‘समाचार’. ‘समाचार घेणे’ म्हणजे खडसावणे, हा अर्थ आज पुढे आला असला तरी ‘समाचाराला जाणे’ यात खुशाली विचारणे आणि वार्ता पोहोचवणे हे दोन्ही अर्थ टिकून आहेत. समुद्रात माणूस गमावलेल्या घराला वार्तेचीच सर्वांत जास्त भूक असते: तो त्या वेळी कुठे ड्युटीवर होता, शेवटचे कोणी पाहिले, काय बोलला. बरोबरच्या एखाद्या नौसैनिकाने घरी येऊन एवढे सांगितले, तरी ते कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक उपयोगाचे असते.

‘वीरपत्नी’ हा शब्द शासकीय व्यवहारात आणि व्यासपीठावर उचित आहे. सैन्यदलांत ‘वीरनारी’ म्हणतात. सतरंजीवर बसलेल्या बाईला मात्र तिच्या नावाने किंवा ताई, काकू, मावशी असे नात्यानेच हाक मारावी. ‘गं. भा.’ (गंगा भागीरथी) हे विधवेच्या नावामागचे उपपद मुळीच लावू नये. 2023 साली ते सरकारी व्यवहारात आणण्याचा विचार पुढे आला तेव्हा राज्यभर विरोध झाला आणि तो रास्त होता. पती समुद्रात गेलेल्या स्त्रीच्या नावामागे पाण्याचेच उपपद लावण्यात तर आणखी एक क्रौर्य आहे.

भित्तिपत्रकासाठी वाक्ये अशी सुचवतो: ‘9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळ खुकरी ही युद्धनौका बुडाली, तिच्यावरील 194 अधिकारी व नौसैनिकांना वीरमरण आले.’ दुसऱ्या वाक्यातले ‘देण्यात आली’ हे कर्मणी रूप तर पूर्णपणे काढावे, कारण कोण गेले, कोणाकडे गेले, हेच त्यात लपते. कोणी कोणाची भेट घेतली याची खात्रीची माहिती असेल तर नावानिशी लिहावे: ‘अमुक यांनी अमुक यांच्या पत्नीची भेट घेतली.’ अशी माहिती नसेल तर ते वाक्य वगळलेले बरे.