पिचियातला लायपेज प्लेटवर चालतो, तेलात का नाही?

यीस्टवेडा: तेल आणि मिथेनॉलपासून बायोडिझेल करायचंय, म्हणून पिचिया पास्टोरिस या यीस्टमध्ये लायपेजचं (तेल-चरबी तोडणाऱ्या एन्झाइमचं) जीन टाकलंय, एओएक्स१ प्रमोटरखाली, म्हणजे मिथेनॉल मिळालं की जीन चालू करणाऱ्या बटणाखाली. ट्रायब्युटिरिन या फॅटच्या प्लेटवर कॉलनीभोवती मस्त पारदर्शक कडं येतं, म्हणजे एन्झाइम बाहेर पडतंय. पण तेच एन्झाइम तेलात घालून सगळं मिथेनॉल एकदम ओतलं की दोन तासांत कारभार ठप्प. जीनमध्येच लोचा आहे का?

फ्लास्कवाला: जीन सोड रे, एकदम ओतलंस तिथेच घोळ झाला! तेलाच्या एका रेणूला मिथेनॉलचे तीन लागतात, पण ते तेलात फार विरघळत नाही, उरलेल्याचे थेंब तसेच राहतात आणि एन्झाइमची वाट लावतात. तीन हप्त्यांत घाल, आधीचं संपलं की पुढचं. आणि ट्रायब्युटिरिनच्या साखळ्या छोट्या असतात, छोट्या साखळ्या तोडणारा साधा एस्टरेजही तिथे कडं पाडतो, त्यामुळे त्यावर फार भाळू नकोस.

तेलकट: पण एवढा खटाटोप कशाला, कॉस्टिक सोडा स्वस्तात काम करतो की

फ्लास्कवाला: वापरलेल्या तळणाच्या तेलात सुटी झालेली आम्लं, म्हणजे फ्री फॅटी अ‍ॅसिड जास्त असतात, सोडा घातला की साबण होतो आणि मग थर वेगळे करताना नाकी नऊ येतात. लायपेज त्या अ‍ॅसिडचंही एस्टर, म्हणजे बायोडिझेलच, करून टाकतो.

यीस्टवेडा: ओके, हप्त्यांनी करून बघतो. खाली उरणारं ग्लिसरॉल पिचियालाच खायला घातलं तर?

फ्लास्कवाला: वाढीला झकास, फक्त आधी मिथेनॉल पूर्ण उडवून टाक. ग्लिसरॉल असेपर्यंत एओएक्स१ झोपलेला असतो, ते संपल्यावरच इंडक्शनचं (जीन चालू करायचं) मिथेनॉल द्यायचं.