दाण्यांची अ‍ॅलर्जी आणि पोटातले जिवाणू: प्रोबायोटिक द्यावं का?

प्रतापनगर_आई: मुलगी 2 वर्षांची, वजन 10 किलो. दाण्याची चटणी पोटात गेली की पंधरा मिनिटांत अंगभर गांध्या उठतात. पहिल्या वर्षी अँटिबायोटिक बरंच झालं. त्यानंच पोटातले जिवाणू बिघडले, शी तपासून प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंची पुडी) सुरू कर, असं घरचे सांगून राहिले. करू का? धाकटा 5 महिन्यांचा आहे, त्याला दाणे द्यायचे का?

आतडेशास्त्र: ताई, संबंध खरा आहे. क्लॉस्ट्रिडिया गटातले काही जिवाणू तंतुमय अन्न आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं आणि अन्न सहन करायला शिकवणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात. 2019 मध्ये शिकागोच्या संशोधकांनी जंतुविरहित उंदरांत निरोगी बाळांच्या शीतले जिवाणू सोडले; ते उंदीर दुधाच्या अ‍ॅलर्जीपासून वाचले. अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांचे जिवाणू मिळालेले वाचले नाहीत.

पण हा बचाव अ‍ॅलर्जी होण्याआधीचा, तोही उंदरांतला. दुकानातल्या पुडीत बहुतेक लॅक्टोबॅसिलस किंवा बिफिडो असतात, म्हणजे कुळच वेगळं. झालेली अ‍ॅलर्जी त्यांनी जात नाही. शीच्या तपासणीतून अ‍ॅलर्जीचं निदानही होत नाही. तो खर्च करू नका.

दंश_नोंद: त्याऐवजी अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडून त्वचेची प्रिक टेस्ट (कातडीला हलकं टोचून तपासणी) करा. सेटिरिझिनसारखं खाजेचं औषध 5 ते 7 दिवस आधी बंद हवं, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. औषध थांबवणं जमत नसेल तर रक्तातली आयजीई (अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं) तपासा. दाणे थोडे खाऊ घालून घरी परीक्षा घेऊ नका.

गांध्यांसोबत घरघर, आवाज बसणं, वारंवार उलट्या किंवा मूल एकदम गळून जाणं दिसलं, तर लगेच अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. मात्रा किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 10 किलोला 1 मिलिग्रॅम प्रति मिलीच्या अँप्युलमधून फक्त 0.1 मिली. एवढं मोजायला 1 मिलीचीच सिरिंज लागते. डॉक्टरांकडून लेखी घ्या, भरून दाखवायला सांगा. सेटिरिझिननं खाज थांबते, श्वास मोकळा होत नाही; त्यावर विसंबून वेळ गेला की जिवावर बेततं.

बाहेर पोहे, साबुदाणा उसळ, चिवडा टाळा. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलातही प्रथिन उरतं.

आतडेशास्त्र: धाकट्याला दाणे टाळू नका. 2015 च्या लीप नावाच्या अभ्यासात 4 ते 11 महिन्यांची, तीव्र एक्झिमा (खाजरी, कोरडी त्वचा) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली बाळं होती. दाणे टाळलेल्यांपैकी 17.2 टक्के मुलांना 5 व्या वर्षी दाण्यांची अ‍ॅलर्जी होती, नियमित खाल्लेल्यांत 3.2 टक्के. त्याला जास्त एक्झिमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नसेल तर 6 महिने झाल्यावर, वरचं अन्न सुरू झालं की, पाव चमचा अगदी बारीक कूट पातळ पेजेत कालवून सकाळी द्या आणि 2 तास लक्ष ठेवा. सोसलं तर आठवड्यातून 2-3 दा चालू ठेवा. मध्येच सोडू नका. अख्खा दाणा मात्र नको, घशात अडकतो. थोरल्या मुलीची ताट-वाटी वेगळी ठेवा, आणि त्याला भरवल्यावर हात साबणानं धुवा. सॅनिटायझरनं दाण्याचं प्रथिन निघत नाही.