नांदणे, नांदवणे आणि नुसतं राहणे

स्त्रियांच्या वैवाहिक आयुष्यावरच्या एका अभ्यासासाठी मुलाखती उतरवून काढते आहे. बहुतेक बाया संगमनेर-अकोले भागातल्या, नवऱ्याने टाकलेल्या. आमच्या तक्त्यात एक रकाना आहे, ‘पतीसोबत वास्तव्याचा काळ’. बाया ‘वास्तव्य’ तर सोडाच, ‘राहिले’ असंही म्हणत नाहीत. ‘तीन म्हैने नांदले’, ‘मला नांदायचं व्हतं’, ‘त्यानं नांदवलंच नाही’. हे सगळं ‘राहणे’त कोंबायचं का? मला पटत नाही.

हे क्रियापद संस्कृत ‘नन्द्’वरून आलं, म्हणजे मुळात आनंदणं. घरात सुख नांदतं, गावात शांतता नांदते, एकनाथांच्या अभंगात देहाच्या पंढरीत पांडुरंग नांदतो. इथे बाई-पुरुष हा प्रश्नच नाही. लग्नाची गोष्ट निघाली की मात्र सून नांदते, लेक नांदते. दोघं मिळून नांदतात हेही ठीक, पण एकटा नवरा नांदल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. घरजावईसुद्धा सासरी ‘राहतो’. आणि ‘नांदवणे’ आलं की बाई कर्म होते. तिचं सुखाने राहणं त्याच्या हातात, हे आपल्या व्याकरणातच बसलंय. मला ते फार लागलं.

*

ताई, ‘राहणे’ मुळीच लिहू नका. मी वकिली करते. आमच्याकडच्या फिर्यादीत वाक्य ठरलेलं असतं : ‘लग्नानंतर सहा महिने चांगले नांदवले, त्यानंतर माहेरहून पैसे आण म्हणून त्रास सुरू केला.’ हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 9 खाली जोडीदाराने परत एकत्र राहावं असा अर्ज नवरा-बायको दोघांपैकी कोणीही करू शकतं. पण पक्षकारांच्या तोंडी ती ‘नांदायला येण्याची केस’च असते. कायदा दोघांना सारखा असला तरी बोलण्यात यायचं तिनेच.

हा भेद दीडशे वर्षांपूर्वीच्या खटल्यात लख्ख दिसतो. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लागलं, पण त्या नांदायला गेल्याच नाहीत. 1884 मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी 1885 मध्ये तो फेटाळला : जे सहजीवन कधी सुरूच झालं नाही, ते पुन्हा प्रस्थापित कसं करणार? मराठीत तर हे सरळ आहे, लग्न लागणं वेगळं आणि नांदणं वेगळं. अपिलानंतर 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या.

*

तुमच्या तक्त्याची अडचण जनगणनेलाही होती. 2001 मध्ये घटस्फोटित आणि विभक्त एकाच रकान्यात होते. 2011 मध्ये ते वेगळे केले, तर देशात घटस्फोटित सुमारे 13.6 लाख आणि विभक्त 35 लाखांच्या आसपास निघाले. ‘विभक्त’ म्हटलं की दोघं ठरवून वेगळी झाली असं वाटतं. ‘टाकलेली’मध्ये टाकणारा दिसतो. 1988 मध्ये संगमनेरला या स्त्रियांची परिषद भरली ती ‘परित्यक्ता’ या नावाने. चळवळीला तो शब्द उपयोगी पडला, पण मुलाखतीत बाई ‘टाकलेली’ म्हणाली असेल तर तेच उतरवावं.

*

दोघींचे आभार. आज रकाना मोडला आणि त्याचे तीन केले : लग्न कधी लागलं, नांदायला कधी गेली, किती दिवस नांदवलं. पहिल्याच मुलाखतीत तिसऱ्यापुढे लिहिलं, ‘अकरा दिवस’. जुन्या तक्त्यात या बाईंपुढे ‘विवाहित, 19 वर्षे’ अशी नोंद होती.

खानदेश, कोकण, विदर्भात ‘नांदवणे’साठी आणखी काय म्हणतात? ‘वागवणे’ ऐकलंय, पण त्याची छटा मला निराळी वाटते.